अमावास्येचं वजन

दर अमावास्येला मी धाकट्या बहिणीला तोलायला घेऊन जायचे. लातूरचा आडत बाजार त्या दिवशी बंद असतो, हे आम्हाला तिथे राहायला आल्यावर कळलं. एरवी पोती, हमाल आणि बैलगाड्यांतून वाट काढावी लागे. अमावास्येला मात्र चिमण्या आणि सांडलेली तूर एवढंच असायचं. शेजारच्या खोलीत राहणारे मामा तिथे मापाडी होते. शेतकऱ्यांचा माल काट्यावर चढवून वजन पुकारायचं, हे त्यांचं रोजचं काम. ते आमच्यासाठी गाळ्याचं दार अर्धं उघडत, पोती तोलायच्या काट्यावर रिकामं पोतं अंथरत आणि धाकटीला म्हणत, "या, सरकार. बसा." ती मांडी घालून बसे. मामा दांडीवरचं वजन सरकवत. दांडी सरळ होईपर्यंत ती श्वाससुद्धा धरून ठेवायची, कारण हलायचं नाही असं त्यांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं आणि सांगितलेलं ती विसरत नसे.

त्याआधी मी तिला एकदा बसस्टँडवरच्या यंत्रावर नेलं होतं. नाणं टाकलं की रंगीत चकत्या फिरतात आणि वजनाचं तिकीट पडतं, ते यंत्र. ती चढल्याबरोबर औशाच्या गाडीची वाट बघणारे लोक भोवती जमले. "यंतर मोडंल की रं," एकजण म्हणाला. सगळे हसले. तीही हसली आणि पडलेलं तिकीट तिने तोंडात घातलं. मी तिचा हात धरून बाहेर आले ते पुन्हा तिकडे गेले नाही.

गल्लीत अमावास्येची कुजबुज सुरू झालीच. मापाड्याच्या घरची मामी सोडली तर कुणाला खरं कारण माहीत नव्हतं. "अमुशाच्या दिवशी कुठं नेऊलालीस गं पोरीला?" असं मला विचारलं जाई आणि मी मान हलवून पुढे जाई. माझ्या पाठीमागे एक बाई दुसरीला म्हणाली, "बौद्धाच्या घरात बी असलं करतेत व्हय?" हे वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. देवदेवस्कीचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

"दिवस बदल," ते म्हणाले.

"बाजार दुसऱ्या दिवशी बंद नसतो."

"मग विचारलं तर दवाखान्याचं म्हणून सांग."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि घरातली गोष्ट बाहेर न बोलणं हा मला शहाणपणा वाटत होता.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत होत्या, पाट्यांचा रंग ताजा होता, आणि जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांत माणसं आपापली टेबलं शोधत होती. वडील बदली होऊन तिथे टंचाई शाखेत कारकून म्हणून आले होते. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा झाल्या, त्याची पत्रकं ते करत. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. नांदेडला असताना नदी वाड्यावस्त्यांच्या मागे कुठेतरी असायचीच. तिच्याकडे आम्ही कधी नीट पाहिलंही नव्हतं. लातूरला आल्यावर पाणी म्हणजे टँकर आणि टँकर म्हणजे रांग.

नांदेडला मी इंग्रजी शाळेत शिकले. फी परवडत नसताना वडिलांनी मला तिथे घातलं होतं. त्या शाळेने मला चांगलं इंग्रजी दिलं आणि चारचौघांत तोंड न उघडण्याची सवय दिली. वर्गातल्या मुलींसारखं माझं बोलणं नव्हतं, आणि पुढे घरच्या बायकांसारखंही राहिलं नाही. लातूरला आले तेव्हा पदवी हातात होती, नोकरी नव्हती.

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. ती उशिरा बसली, उशिरा चालली, बोलली फार थोडं. "ताय", "दे", "माजं", "न्हाई" आणि आणखी मोजके शब्द. तान्हेपणी ती दूधसुद्धा ओढायची नाही. आई बोंडल्याने थेंब थेंब पाजायची आणि ही जगते की नाही म्हणून रडायची. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिला भूक लागली, आणि ती भूक थांबलीच नाही. आईला आधी आनंद झाला. पोर खातेय, अंगाने भरतेय, याचं तिला इतकं कौतुक होतं की ते जास्त होतंय हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. धाकटीने कच्ची कणीक खाल्ली, भिजवलेली डाळ खाल्ली, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना टाकलेले दाणे वेचून खाल्ले, तेव्हा कळलं.

लातूरला आल्यावर तिला धाप लागू लागली. झोपेत तिचा घोरण्याचा आवाज मध्येच थांबायचा आणि आई उठून तिला हलवायची. गुडघे आतल्या बाजूला वाकू लागले. शेवटी आम्ही तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर बसवून बराच वेळ तपासलं. त्या म्हणाल्या, "हिची समज हळू वाढते तसंच हेही आहे. पोट भरलं हे तिला आतून कळतच नाही. हा हावरटपणा नाही, आणि रागावून जाणारही नाही. तिचं पोट कुठे भरलं ते तुम्हीच ठरवायचं." मग त्या आईकडे वळल्या. "वजन असंच वाढत गेलं तर दोन वर्षांत ही चालायची थांबेल. चालणं थांबलं की श्वासाचं दुखणं वाढेल. एवढं लक्षात ठेवा."

त्यांनी एक छापील कागद दिला. काय द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं, आणि महिन्याला एकदा वजन करायचं. कागद इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्याकडे आला आणि त्याच्याबरोबर धाकटीचं पोटही माझ्याकडे आलं.

मी ते काम शाळेतल्यासारखं केलं. स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. कागदावर पाव होता, आमच्याकडे ज्वारीची भाकरी. मी पावाची भाकरी केली, लोण्याच्या जागी काही नाही लिहिलं आणि फळांच्या जागीही काही नाही, कारण त्या वर्षी फळं बघायलाही मिळत नव्हती. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी, वरण पातळ. ती ताट चाटून पुसून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी ताट उचलून घ्यायचे. आई त्या वेळी दारात जाऊन बसायची.

राहिला प्रश्न पाण्याचा. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दिवसाआड येई, कधी आठला, कधी अकराला. पहाटेपासून तिथे घागरींची रांग लागायची. आपली घागर ठेवून घरी गेलं की ती मागे सरकवलेली असायची, म्हणून प्रत्येक घरचं एक माणूस तिथे बसून राही. आई गुडघ्यांनी अधू. वडील कचेरीत. म्हणजे मी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांना कशाला रांग? टँकर ह्यांच्याच बापाच्या कागदावर हालतेत. घरात हौद भरून ठिवला असंल." कुणीतरी म्हणालं, "इंग्रजीत पाणी मागती का बघा." मी तीन तास मान खाली घालून बसले. त्यानंतरच्या खेपेला धाकटी हट्टाने माझ्याबरोबर आली आणि घागरीशेजारी मांडी ठोकून बसली. कुणी हटवलं तरी हटेना. मी तिला तिथे ठेवून घरी आले. टँकर आल्याचा गलका झाला की जायचं, पाणी आणायचं. तेवढ्या वेळात मी वाचत बसायचे. तिला मोकळी हवा मिळते, असं मी आईला सांगितलं.

पहिल्या अमावास्येला तिचं वजन चोपन्न किलो भरलं. दुसऱ्या अमावास्येला साडेपंचावन्न. तिसऱ्या वेळी मामांनी दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पुढे सरकवलं.

"अठ्ठावन," ते म्हणाले.

मला ते खोटं वाटलं. अर्ध्या-अर्ध्या भाकरीवर अठ्ठावन्न कसं होईल? घरी येताना माझ्या डोक्यात एकच उत्तर होतं. घरी गेल्या गेल्या मी आईला विचारलं. विचारलं म्हणजे काय, आरोपच केला.

"तू तिला चोरून देतेस."

आई तांदूळ निवडत होती. "म्या?"

"मग कोण? किल्ली माझ्याकडे आहे. तू तुझ्या ताटातलं देत असणार. तुला वाटतं मी तिला छळते. तिचे पाय गेल्यावर तू उचलणार आहेस का तिला?"

त्या रात्रीपासून ती आमच्यानंतर, आत एकटी जेवू लागली, ताट भिंतीकडे करून. मी ते पाहिलं आणि माझंच बरोबर होतं असा त्याचा अर्थ लावला.

दोन दिवसांनी मामा आमच्या दाराशी आले. आत यायला ते नेहमी संकोचत. वडिलांच्या कचेरीचा त्यांना उगाच दबदबा वाटे.

"ताई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला ना मामा."

"चाळीस वर्सं काट्यावर हाय मी. माल आपोआप वाढत नसतो. काट्यावर वाढला म्हंजी कुठून तरी आत आला." ते चपलेकडे बघत म्हणाले, "तुमच्या घरातून येत नसंल तर बाहीरून बघा. टँकरच्या दिवशी जरा लवकर जावा."

मी लवकर गेले. गल्लीच्या वळणावर विजेच्या खांबाशी उभी राहिले, जिथून रांग दिसे आणि रांगेला मी दिसत नसे.

धाकटी रांगेच्या मध्यावर बसली होती. मला वाटलं होतं ती आमच्या घागरीजवळ बसलेली असेल. तसं नव्हतं. अख्खी रांग तिच्या ताब्यात होती. बायका घागर ठेवायच्या, तिला दाखवायच्या आणि बिनधास्त घरी निघून जायच्या. कुणाच्या घागरीनंतर कुणाचा हंडा, पोचा पडलेली पितळी कळशी कुणाची, हे तिला सगळं पाठ होतं. माझ्यासमोर एका माणसाने आपला डबा हळूच दोन घागरी पुढे सरकवला. "न्हाई!" ती ओरडली आणि उठून, धापा टाकत, तो डबा तिने परत जागेवर ठेवला. तो हसून म्हणाला, "बरं बाई, बरं. चुकलो, फौजदारीणबाई."

रांगेतल्या कितीतरी बायका पाणी घरी टाकून थेट दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. त्यांच्या कमरेला भाकरीचं फडकं असायचं. त्यातली एक घरून परत आली, आपली घागर जागेवर पाहिली, तिथेच फडकं सोडलं आणि भाकरीचा चतकोर मोडून धाकटीच्या हातात दिला. "घे माय. तू हायीस म्हणून पोराला न्हाऊ घालून आले." मग दुसरी. तिने मिरचीचा ठेचा लावून दिला. तिसरीने शेंगदाणे. कुणीही जास्त दिलं नाही, कारण कुणाकडेच जास्त नव्हतं. मी मोजत होते. टँकर यायच्या आत तिच्या पोटात साडेतीन भाकऱ्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक तुकडा घेताना ती त्या बाईचा हात आपल्या गालाला लावत होती.

मी घरी आले. आईला सांगायचं कसं ते मला समजेना. म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगितलं.

आई पदराशी चाळा करू लागली. "मला ठावं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? मी तुला एवढं बोलले."

"तू इचारलंस, म्या देते का. म्या न्हाई दिलं." आई मुदखेडकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणच्या गोष्टी ती फारशी सांगत नसे. त्या दिवशी तिने एक सांगितली. "आमच्या गावात आम्ही हिरीच्या खाली बसायचो. कुणी वरून वतलं तर पाणी. आमची घागर दुसऱ्याच्या घागरीला लागली तर ते घागर घासून घ्यायचे. आन् हितं ते त्यांच्या फडक्यातली भाकर मोडून देऊन राहिले पोरीच्या हातात. हाताला हात लावून. येक दिवस म्या जाऊन पायलं. परत आले. मला न्हाई म्हणवलं न्हाई गं."

ताट भिंतीकडे करून ती माझ्याकडे पाठ का करायची, ते मला उशिरा समजलं. आणि धाकटीला त्या रांगेत आईने बसवलं नव्हतं. मी बसवलं होतं, मला लोकांत बसायचं नव्हतं म्हणून.

पुढच्या टँकरच्या दिवशी मी धाकटीबरोबर गेले. पहिली बाई फडकं सोडू लागली तेव्हा मी उभी राहिले. मनात तयार केलेलं वाक्य इंग्रजी शाळेतल्या निबंधासारखं होतं आणि ते तसंच बाहेर पडलं. "कृपा करून हिला कोणी खायला देऊ नका."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग ती बाई, शेतकरी घरातली, हातात मोडलेला चतकोर तसाच धरून म्हणाली, "का? आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुम्हाला?"

दोघी-तिघी हसल्या. ती मात्र हसली नव्हती. तिला लागलं होतं.

"घरात उपाशी ठिवतेत पोरीला," मागून आवाज आला. "कपाटाला कुलूप हाय म्हणं. आन् शिकलेली माणसं!"

मला पळून जावंसं वाटलं. धाकटी चतकोराकडे हात करून "दे, दे" म्हणत होती. तेवढ्यात मापाड्याची मामी पुढे झाली. तिने माझं मनगट धरलं. "गप बसू नगंस. काय झालंय तिला ते सांग. ह्यांना सांगितल्याबिगर कसं कळावं?"

मग मी सांगितलं. गुडघ्यांचं सांगितलं. झोपेत श्वास थांबतो ते, आई उठून हलवते ते, पोट भरलेलं तिला कळत नाही ते, आणि डॉक्टरीणबाई दोन वर्षं म्हणाल्या ते. अमावास्येचंही सांगितलं. आपल्या घराबद्दल इतकं मी आयुष्यात कुणाजवळ बोलले नव्हते. मधले शब्द गिळले जात होते. कुणी हसलं नाही.

चतकोर धरलेली बाई खाली बसली. "माय माय," ती म्हणाली. "म्हंजी आम्हीच..." तिने भाकरी परत फडक्यात बांधली.

"पर मग तिला काय द्यावं?" एका म्हातारीने विचारलं. "सकाळधरून आमच्या घागरी राखती लेकरू. हात हालवत कसं जावं?"

तो प्रश्न खरा होता आणि माझ्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मामीने ते काढलं. टँकरची खेप पलीकडच्या गल्लीत आली की धाकटीने घरोघर जाऊन दार वाजवायचं आणि टँकर आल्याचं सांगायचं. म्हणजे बसायचं काम कमी आणि चालायचं जास्त. "बोलता येत न्हाई तर ताटली वाजवंल," मामी म्हणाली. "ती दारात आली की तिचं नाव घेऊन बोलायचं, त्येच तिला देणं. कुणी तोंडात काय घालायचं न्हाई. घातलं तर घागर शेवटाला."

हे सांगायला सोपं होतं. धाकटीला ते पहिले पंधरा दिवस अजिबात समजलं नाही. तिच्या लेखी एवढंच झालं होतं, की मी आले आणि बायकांनी द्यायचं बंद केलं. ती रस्त्यावर लोळली. तिने माझ्या दंडाला चावा घेतला. प्रत्येक बाईसमोर हात पसरून उभी राही आणि बाई तोंड फिरवून घेई. डोळे पुसणाऱ्या बायका मी पाहिल्या. एकदा म्हातारीने तिच्या हातात नखाएवढा गुळाचा खडा ठेवला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. रांगेत आता मी दर खेपेला बसत होते. कुणी मला मुलाचं शाळेचं पत्र वाचायला देई, कुणी दवाखान्याची चिठ्ठी. धाकटी मात्र माझ्यापासून दूर, दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची.

हळूहळू ती ताटली घेऊन चालू लागली. गल्लीत बावीस दारं होती. पहिल्यांदा ती सहा दारांनंतर बसली. नंतर नऊ. ओट्यावर टेकायची, दम घ्यायची, पुन्हा उठायची. एकही दार चुकवत नसे आणि क्रमही चुकवत नसे.

पुढच्या अमावास्येला आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आडत बाजारात आली. काट्यापासून चार हात लांब, पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली. धाकटी मांडी घालून बसली, श्वास धरला. मामांनी दांडीवरचं वजन अठ्ठावन्नावर ठेवलं. दांडी खाली झुकली. थोडं मागे घेतलं. अजून थोडं.

"सत्तावन," ते म्हणाले. "वर पाव असंल."

"पुन्यांदा बघा," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. तेवढंच होतं. पाऊण किलो. शेतकऱ्याच्या पोत्यात इतकं कमी भरलं तर कुणी ते लिहूनही घेत नाही, असं मामा म्हणाले आणि धाकटीला हात देऊन खाली उतरवू लागले.

आईने रिक्षा करू दिली नाही. तिचे स्वतःचे गुडघे दुखत असताना आम्ही तिघी चालत निघालो. धाकटीने आईचं बोट धरलं होतं. मी दुसऱ्या बाजूला हात पुढे केला तेव्हा तिने तो ढकलला, "न्हाई," म्हणाली. मी दोन पावलं मागे राहिले. घरापर्यंत ती चार वेळा थांबली. प्रत्येक वेळी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहायची आणि तिचा श्वास सावकाश होईपर्यंत आमच्यातलं कुणीही 'चल' म्हणत नसे. मग ती आपली आपणच पाऊल उचलायची.